सीजी पासिंग

खिळ्यावरची किल्ली खणकली.

चेतनानं कणकेतला हात थांबवून वर पाहिलं. सासूबाईंनी, सुमित्राबाईंनी, गाडीची किल्ली खिळ्यावरून काढली होती. ती तिच्या समोरूनच नेऊन त्यांनी अंगणात बसलेल्या आरटीओ एजंटाच्या हातात दिली.

"घे खेमराज. काय पाहाचं ते पाहून घे."

गाडी आंब्याखाली उभी होती. लग्नात चेतनाच्या वडिलांनी, बाबूजींनी, डोंगरगढच्या शोरूममधून तिच्या नावानं घेऊन दिलेली, छत्तीसगडच्या नंबरची. इथं सासरी, सौंदडात, तिला सगळे 'सीजी पासिंग' म्हणत. चेतना समोरून गेली की तिलाही.

खेमराजनं पुढच्या सीटखालचा गालिचा उचलला, चेसिस नंबरवर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. काळ्या फराट्यांतून एकेक पांढरा आकडा वर आला. चेतनाची लेक टीना गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून पाहत होती. त्यानं उरलेला पेन्सिलीचा तुकडा तिला देऊन टाकला. ती कोरा कागद घ्यायला घरात पळाली.

चेतना हात पुसत बाहेर आली.

"नंबर इकडचा, एमएच पस्तीस करून घ्या. मी कधी नाही म्हटलं? पण गाडी माह्या नावानंच राहीन."

तिचा नवरा वीरेंद्र खुर्चीतून हलला नाही. "बायकोच्या नावाची गाडी फिरवून राहिला म्हणतेत लोक मले."

"मंग नका फिरवू. मले येते चालवता."

"तुले येते, तेच त झालं ना," सुमित्राबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या तोंडावर लेकराले गाडीत घालून माहेरी कोण पळाली होती?"

"बाबूजींले बरं नव्हतं."

"सांगून गेली होती का?"

सांगितलं असतं तर किल्ली खिळ्यावर नसती.

खेमराज खाकरला. "वहिनी, विमाही संपला हो. नवीन काढाचा त आरसी आन् विमा एकाच नावानं पाहिजे, नाही त क्लेम नाही भेटत. दोन्ही वीरूभाऊच्या नावानं केलं का झंझट मिटली."

"दोन्ही माह्या नावानं केलं तरी मिटते, भाऊ."

त्यानं सुमित्राबाईंकडे पाहिलं. मग मोबाईलकडे. "मी त अर्ज टाकून देल्ला. काकूनं सांगतलं, सून तयार आहे म्हणून. आता ओटीपी येईन, तो भरला का झालं."

सगळे थांबले. वीरेंद्रचा फोन वाजला नाही. चेतनाचाही नाही.

"कोणाचा नंबर जोडला आहे गाडीले?" खेमराजनं विचारलं.

चेतनाच्या लक्षात आलं. शोरूममध्ये बाबूजींनी स्वतःचाच नंबर लिहिला होता. लेकीचा त्यांना पाठ नव्हता. ती आत वळणार तोच ओटीवर ठेवलेला तिचा फोन थरथरला. वीरेंद्रनं उठून तो घेतला आणि स्पीकर लावला.

"चेतना? मोर मोबाइल मा कुछु नंबर आय हे, बेटी." बाबूजींचा आवाज अंगणभर झाला. "गाड़ी के हे, लिखे हे. बतावौं का?"

"हाँ बाबूजी, बताइए," वीरेंद्र गोड आवाजात म्हणाला.

पलीकडे चष्मा शोधल्याची खडबड ऐकू आली. खेमराजचं बोट स्क्रीनवर तयार होतं.

"ले, लिख. चार..."

"बाबू, झन बता," चेतना म्हणाली. "कोनो ला झन बताबे."

इकडे सगळ्यांना छत्तीसगडी कळते. तरी सुमित्राबाई खेमराजला मुद्दाम समजावून म्हणाल्या, "बापाले म्हणते, कोणाले नको सांगू."

मग बाबूजींनी हळूच विचारलं, "सब बने हे ना, बेटी?"

"बने हे." सगळं ठीक आहे, असं ती म्हणाली.

वीरेंद्रनं फोन कापला. तो परत खुर्चीत बसला आणि खेमराजला म्हणाला, "चाय घेशीन ना?"

सुमित्राबाईंनी एजंटाकडून किल्ली मागून घेतली. आवाज चढवला नाही. त्यांनी ती चेतनाच्या पायाशी टाकली.

"घे. गाडी तुयी, विमा तुया. जायचं तवा जाय, कोणी आडवं नाही येत. पोरगी मात्र इथंच राहीन. ती आमच्या घरची होय."

चेतनानं नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये काही शोधत होता. ती वाट पाहत उभी राहिली. खेमराजनंही मान खाली घालून कागद पिशवीत भरले. चहाला तो थांबला नाही.

नखांत राहिलेली कणीक किल्लीला लागू नये म्हणून तिनं ती पदरात धरून उचलली.

टीना गाडीपुढे उकिडवी बसली होती. शाळेच्या वहीचा कागद तिनं नंबर प्लेटच्या उठावदार अक्षरांवर दाबून धरला होता आणि जीभ बाहेर काढून पेन्सिल घासत होती. सी आला. जी आला. शून्य जरा फाटलं. आई जवळ आलेली पाहून तिनं तो कागद वर करून दाखवला. नाक पेन्सिलीनं काळं झालं होतं. चेतनानं ते पदराच्या टोकानं पुसलं.

मग टीनानं कागदाची कोरी बाजू वर करून तो स्वतःच्या दंडावर ठेवला आणि ती घासू लागली. हळू, मग जोरात. नुसतंच काळं झालं.

"मम्मी, माह्यावर काहीच नाही उठून राहिलं," ती म्हणाली. "मी कोणत्या पासिंगची होय?"