तिच्या नावाची पेशंट

पाकिटावरचं नाव-पत्ता फाडून बारीक तुकडे केल्याशिवाय ती कुठलाही कागद केरात टाकत नसे. पासवर्ड तर इतक्यांदा बदलायची की नवरा हात जोडायचा. त्यामुळे भर दुपारी "उद्या सकाळी आठला तुमचं ऑपरेशन आहे, रात्रीपासून काही खाऊ नका" असा हॉस्पिटलचा मेसेज आला, तेव्हा तिने लगेच हॉस्पिटलला फोन लावून चौकशी केली. तिला साधी सर्दीही झालेली नव्हती!

तिचं नाव, तिचा विमा वापरून कुणीतरी दुसरंच दाखल झालं होतं. शिलाई मशीनखालचा कपडा तसाच टाकून ती तडक निघाली. त्या बाईला चांगली फैलावर घ्यायची, पोलिसांत द्यायची, असं वाटभर घोकत तिने वॉर्ड गाठला.

खाटेवर तिची धाकटी बहीण होती. तीन वर्षं दोघींत अबोला होता. पोरगी वाळून नुसती काटकी झाली होती.

"माझा विमा नाही गं, ताई," बहीण भिंतीकडे बघत पुटपुटली. "डॉक्टर म्हणाले, आता थांबून चालणार नाही. तुझ्याकडे यायला तोंड नव्हतं. तुझी जन्मतारीख, तुझी सही, सगळं मला पाठ होतं."

तेवढ्यात नर्स फॉर्म घेऊन आली.

"पेशंटसोबत तुम्हीच ना? कोण लागता यांच्या? इथे नाव लिहा आणि सही करा."




"मी हिची धाकटी बहीण," ताई म्हणाली, आणि तिने बहिणीच्या नावाने सही ठोकली.