उलट्या रेणूंची भाकरी

केतकीनं आणखी एक भाकरी संपवली, तरी मांडीवरचं तान्हं बाळ दुधासाठी रडतच होतं. ते रडं ऐकून ऐकून तिच्या सासूबाई, सगुणाबाई, पार थकल्या होत्या.

"एवढं खातेस बये, जातं कुठं?"

"आत्या, तुमच्या मधुमेहासाठी आणलेलं हे पिठाचं यंत्र पिठाचे रेणू उलटे जोडतं, आरशात दिसावेत तसे. डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसं हे पीठ अंगी लागत नाही. चव तेवढी तीच."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"एका घरात दोन पिठं चालायची नाहीत, असं तुम्हीच बजावलंत."

सगुणाबाई गुडघे धरून उठल्या. त्यांनी यंत्राचा खटका सुलट केला.

"आजपासून तुझं पीठ आधी. माझं वेगळं काढू. आणि हे माहेरी सांगत बसू नकोस!"