टबातला बुडबुडा

"निघाला बुडबुडा," तो टबापाशी उकिडवा बसूनच म्हणाला. "बघ, परत निघाला."

शिलाई मशीनवरची मान वर न करता तिने "अरेरे, आजही?" असं विचारलं. आवाज चांगलाच साळसूद निघाला. गेल्या काही शनिवारांत तिला त्याचा सराव झाला होता.

हवेची टाकी आडवी होऊन न्हाणीघरातल्या टबात तोंड बुडवून पडली होती. तिच्या तोंडावर त्याचा रेग्युलेटर आवळलेला. टाकीत दाबून भरलेली हवा श्वासाला झेपेल इतकी मऊ करून डायव्हरच्या तोंडात सोडणारं हे पितळी यंत्र. त्याच्या सांध्यातून बारीक बुडबुडे वर येत होते. एक जरी बुडबुडा दिसला तरी त्या रविवारी समुद्रात उतरायचं नाही, हा त्याच्या डायव्हर मित्रांचा नियम होता. उसना रेग्युलेटरही चालत नसे. ज्याने त्याने स्वतः जोडलेल्यावरच खाली जायचं.

मग त्याने टोळीच्या म्होरक्याला, जाड्याला, फोन लावला आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात आपलं रडगाणं गायलं. फोन ठेवून सांधा उघडला, आतली रबरी रिंग काढली आणि न बघताच केराच्या डब्यात टाकली. तिने मनातल्या मनात हात जोडले. एरवी साधा स्क्रूसुद्धा भिंगाखाली धरणारा हा माणूस, रिंगकडे ढुंकून बघत नव्हता. बघितलं असतं तर तिथे एक बारीकशी चीर दिसली असती, तिच्या सगळ्यात नाजूक सुईने पाडलेली. लोकांचं फाटलेलं शिवून देण्यात तिचा जन्म गेला, आणि घरात हे उद्योग.

पण करणार काय? गेल्या वर्षी तो पाण्यातून वर आला तो खोकत, नाकातून रक्त, डोळे पांढरे. नंतर त्याने त्याचा विनोदी किस्सा केला. स्वतःची नक्कल करून दाखवायचा, पाहुणे पोट धरून हसायचे. तिची मात्र झोप उडाली ती उडालीच. एकदाच धीर करून तिने "आता पुरे करा ना" म्हटलं, तर तो उसळला होता. मी काय घाबरट आहे का, लोक काय म्हणतील, वगैरे. तेव्हापासून तिने तोंड मिटलं आणि सुई उचलली.

तसा धोका काही नव्हता. टबात बुडवून बघितल्याशिवाय तो टाकी गाडीत ठेवतच नसे. हे ती स्वतःला रोज समजावायची.

पुढच्या शनिवारी सकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि पुन्हा सगळा संसार मांडला. पितळी भाग व्हिनेगरच्या पाण्यात, शेजारी टूथब्रश, नट आवळायचे दोन पाने, आणि खाचा कोरायला बांबूची काडी. लोखंडी टोक लागलं तर पितळेला ओरखडा उठतो, म्हणून काडी. गुरुवारपासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. दर आठवड्याला शेवटी शेवटी असंच व्हायचं. आज त्याच्या हातातून स्प्रिंग पडली, उचलली, परत पडली. समुद्राने झपाटलंय याला, तिला वाटलं.

तेवढ्यात जाड्याचा फोन आला. उद्या नाही आलास तर बोटीतली तुझी जागा दुसऱ्याला देतो, असं तो म्हणत होता. त्याचा आवाज तिला मशीनपर्यंत ऐकू येत होता.

"येतो ना. न यायला काय झालं?" तो म्हणाला, आणि पुसून लख्ख झालेला भाग पुन्हा पुसायला लागला.

तिचा जीव गलबलला. न गेलेल्या प्रत्येक रविवारी तो कसा वागायचा ते तिला आठवलं. सकाळी उठून चहा करायचा, शीळ घालायचा, दुपारी गाढ झोपायचा. बिचारा मन मारून हसतो, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. आणि आपण त्याच्या पाठीमागे हे असे उद्योग करतो. तिला स्वतःची लाज वाटली.

त्याने शेवटची रिंग ग्रीस लावून बशीत ठेवली. "आलो अंघोळ करून," म्हणाला आणि गेला. रिंग बसवून सांधा आवळायचं काम तो नेहमी अंघोळीनंतरच करायचा, आणि अंघोळीला चांगला तासभर घ्यायचा.

ती उठली. सुई घेतली, रिंग बोटावर चढवली. आतून पाण्याचा आवाज येत होता. कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिने रिंग होती तशी बशीत ठेवली आणि सुई परत मशीनवरच्या सुयांच्या गादीला टोचली. जाऊ दे त्याला. आपली भीती आपल्यापाशी. तिचे डोळे भरून आले.

तो आला, रिंग बसवली, सांधा आवळला, टाकीचं तोंड टबात बुडवून हवा सोडली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पाणी हललं आणि शांत झालं. त्याने वाट पाहिली. हवा बंद करून पुन्हा सोडली. रेग्युलेटर या कुशीवरून त्या कुशीवर वळवून पाहिला. एकही बुडबुडा नाही.

तिने जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नुकती अंघोळ झालेली असूनही मान घामाने भिजली होती.

"झालं की हो एकदाचं," ती म्हणाली. "या जाऊन उद्या. मी डबा करून देते."

तो पाण्याकडेच बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "आज रिंगला सुई लावायची विसरलीस का गं?"