पाच-नऊ

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाच्या, एचएफ स्पर्धेचं नुसतं नाव निघालं, तरी लिफ्ट मेकॅनिकच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्याचा मेहुणा घरात खुर्चीत रेलून, आभाळावर आदळून पार पलीकडे जाणाऱ्या लहरींवर साता समुद्रापारच्या जमतील तितक्या माणसांशी बोलायचा. ते ऐकून याला शिसारी यायची.

"समोरच्याचा आवाज धड येतही नाही, तरी सरसकट सगळ्यांना गुण पाच-नऊ, म्हणजे आवाज एकदम खणखणीत. आणि वर लगेच, कोण बोलतंय, परत सांगा. लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?" तो मेहुण्याला सुनवायचा.

त्याची स्वतःची स्पर्धा व्हीएचएफची. तिथल्या लहरी साधारण नजर पोचते तिथवरच जातात, म्हणून आजही तो अँटेना खांद्यावर टाकून टेकडी चढला होता. दिवसभर वारा खाऊन भेटली ओंजळभर माणसं, पण प्रत्येकाचं त्याने कान देऊन ऐकलं आणि ज्याचा जसा आवाज तसेच गुण दिले.

संध्याकाळी घरी येऊन तो अँटेनाचे स्क्रू काढत, मेहुण्याच्या नावाने बोटं मोडत बसला होता. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, मला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय. उद्या डॉक्टरांना दाखवायचंय, याल ना बरोबर?"



मान वर न करता तो म्हणाला, "वा, झकास. काय म्हणालीस? परत सांग."