पेल्यातलं कोणी प्यायचं

माझ्या सासूबाई पेरूतल्या उकायाली नदीकाठच्या नावाजलेल्या वैदू. आयावास्का वेलीचा, डोळ्यांपुढे सापांची दृश्यं आणणारा काढा देण्याआधी त्यांनी योस्ट नावाच्या डच पाहुण्याला तिसऱ्यांदा विचारलं, “नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का?”

“नाही म्हटलं ना, बाई! किती डोकं खाल?”

त्या गोळ्या चालू असताना हा काढा पोटात गेला तर माणूस दगावू शकतो, असं आमच्या दाराशी चार भाषांत लिहिलंय. पाहुणे त्या पाटीसमोर उभे राहून फोटो काढतात.

सासूबाईंनी पेला भरला आणि स्वतःच रिकामा केला.

“अहो, तो माझा होता!”

“आम्हा शिपिबो लोकांमध्ये पूर्वीपासून वैदूच पितो. आजाऱ्याने गपगुमान पडून राहायचं.”

“मग साप कोणाला दिसणार?”

“मला. सकाळी सांगते.”

योस्टने रात्रभर आम्हाला शिव्या घातल्या. उजाडताच तणतणत आला, “दिसला का साप?”

“तू दिसलास. पेला तुला दिला असता तर आत्ता जसा निपचित पडला असतास, तसा. डावा मोजा काढ.”

मोज्यातून गोळ्यांची पट्टी खाली पडली. घाबरून त्याने उजवाही काढला. त्यातल्या गोळ्या सासूबाईंनाही दिसल्या नव्हत्या.