ताटावरचा हात

कराडच्या कार्यालयात लग्नाची पंगत बसली होती. वाढपी मुलगी जिलेबीची परात घेऊन ओळीतून झरझर चालली होती. ती कुणाच्या चेह‍ऱ्याकडे बघत नव्हती, मनगटाकडे बघत होती. तिथला पोट आणि साखर मोजणारा पट्टा हिरवा असला तर जिलेबी, लाल असला तर पुढे. दिनकर सबनीसांचा पट्टा लाल होता. ती थांबलीसुद्धा नाही.

"किती सोयीचं झालंय, बाबा," शेजारी जेवणारा मुलगा म्हणाला. "पूर्वी लोक बळेबळे वाढायचे. आता पोट भरलं की पट्ट्यालाच कळतं."

"माझी तक्रार पोटाची नाहीच," दिनकरराव म्हणाले आणि त्यांनी पट्टा सोडून खिशात टाकला.

"बाबा, डॉक्टर ओरडतील!"

"ओरडू देत. तेवढंच कुणीतरी बोलेल."

वाढपी मुलगी परत आली आणि मोकळं मनगट बघून गोंधळली. तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "आजोबा, पट्टा नाही? मग मला कळणार कसं?"

"विचार की."

"जिलेबी... वाढू?"

"असं नाही. आग्रह कर."

ती लाजली. "घ्या ना आजोबा, एक तरी."

दिनकररावांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "नको गं बाई, अगदी पुरे!"

ती पुढे निघाली.

"अगं, लगेच कुठे चाललीस? अजून दोनदा म्हणायचं असतं."

ती हसून मागे वळली. समोरच्या ओळीत विहीणबाई गुपचूप आपल्या पट्ट्याचं बक्कल सोडत होत्या.