दगडावरचा गुंडा

"पळतोय का ह्यो?" नानासोंनी स्क्रीनला बोट लावलं.

सूरज स्क्रीनकडं वाकला. स्क्रीनवर गुंडा नावाच्या शिपायानं बंदूक टाकली, पाठ फिरवली, चार पावलं पळाला आणि पालथा पडला.

गुंडा म्हणजे नानासोंचे पणजोबा. पहिल्या महायुद्धात गेले ते आलेच नाहीत. गावच्या स्मारकाच्या दगडावर त्यांचं नाव आहे. सूरजनं स्वतः बनवलेल्या लढाईच्या गेममधल्या शिपायांना त्याच दगडावरची नावं दिलेली. म्हणून तर हौसेनं नानासोंना मलकापूरच्या खोलीवर बोलवून आणलेलं.

नानासो सुभेदार म्हणून रिटायर झालेले. खुर्चीतसुद्धा ताठ बसलेले. "पुन्यांदा लाव."

दुसऱ्या खेपेला त्यांनी गुंडाला खंदकात ठेवलं. तिसऱ्या खेपेला पार मागं, स्वयंपाक्यांपाशी. तिथंही त्यानं बंदूक टाकली. पळाला. पडला.

"कसंबी खेळा म्हनालास न्हवं? मग मरतोय कसा?"

"आवं नाना, लढाई तुमी जिंका न्हाईतर हरा. पर दगडावरची मानसं मरत्यातच. इतिहास हाय त्यो. त्यो बदलाय येत न्हाई."

हे वाक्य सूरजचं पाठ होतं. गेम दाखवताना सगळ्यांना ऐकवायचा.

नानासोंनी मान हलवली. "मेला, त्ये खरं. दगडावर हाय. पळाला, ह्ये कुठं लिवलंय?"

सूरजचे कान तापले. मरणाऱ्या माणसांची तयार ॲनिमेशनं नेटवर फुकट मिळालेली. यादीत हे पहिलंच होतं. पुढची बघायचा त्याला कंटाळा आला होता.

"पाचवी पिढी हाय आमची फौजेत," नानासो हळू म्हणाले. "पोरगा शिवतेज सुट्टीवर आलाय. त्याला सांगून आलोय, खापरपणजोबा बघाय जातो म्हनून."

"बदलतो की नाना. आत्ता बदलतो. एक मिनिट लागतंय फकस्त."

"एक मिनिट?" नानासोंनी पहिल्यांदाच त्याच्याकडं वळून पाहिलं. "करताना बी तेवढंच लागलं हुतं का रं?"

गेम आपोआप पुन्हा सुरू झाला. गुंडा बंदूक घेऊन स्वयंपाक्यांपाशी उभा राहिला, ताठ.

त्यानं ती टाकायच्या आत सूरजनं स्क्रीनवर हात धरला.